पंच्याहत्तर मैलांच्या पलीकडे

स्टेडियम घरापासून बसनं वीस मिनिटांवर, आणि लोइझे बायकोला घेऊन शंभर मैल लांब निघाला होता सामना बघायला. आता या माणसाला काय म्हणावं?

क्लीव्हलंड शहरात अमेरिकन फुटबॉलची फायनल असली की पंच्याहत्तर मैलांच्या आत कुणाच्याच टीव्हीवर ती दिसायची नाही, असा लीगचा नियमच होता. तिकीट न मिळालेले क्लीव्हलंडकर मग शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, ईरी गावच्या मोटेलांत खोल्या घ्यायचे. पण लोइझेच्या घरात दोन तिकिटं पडून होती. पोरानं पाठवलेली.

पोरगा एमिल क्लीव्हलंडच्या संघातच होता. चार वर्षांपूर्वी बापानं विचारलं होतं, "सॉसेजचं दुकान की तो चेंडू?" पोरगा चेंडू म्हणाला. "मग तू या घरात पाय ठेवू नकोस, आणि मी तुझ्या मैदानात ठेवणार नाही." रागाच्या भरात बोलून बसला आणि मग त्यालाच चिकटून राहिला. त्या दिवसापासून घरात टीव्ही नाही, पोराचं नाव नाही. त्याच्या बायकोला, रोझालियाला एकदा, फक्त एकदा, लेकाचं तोंड बघायचं होतं. नवऱ्याला डावलून जायचा धीर झाला नाही, याची तिला रोज चीड यायची.

"मी एकटी गेले असते स्टेडियमला," गाडीत ती म्हणाली.

"जायचं होतंस. अडवलं होतं कुणी?"

"हे आता सांगतोस? पेन्सिल्व्हेनिया आल्यावर?"

लोइझेनं गाडीचा वेग वाढवला.

मोटेलच्या खोलीत अकरा माणसं आणि दोन पलंग. रोझालियानं घरची पोतित्सा, अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, कापून सगळ्यांना वाटली. "मावशी, एवढी उलाघाल कशाला? तुमचं कुणी खेळतंय की काय?" एकानं थट्टा केली.

"कुणी नाही," लोइझेनं परस्पर सांगून टाकलं. चार लोकांत वाद नको म्हणून ती पोतित्साचा पुढचा तुकडा कापू लागली.

पूर्वार्धात कुणालाच गुण नाही. नंतर मात्र क्लीव्हलंडनं धुमाकूळ घातला. खोली नाचत होती. रोझालिया चेंडूकडे बघतच नव्हती. धडका देणाऱ्या त्या चिखलमाखल्या धटिंगणांत आपला कुठला, ते शोधत होती.

"डावीकडून दुसरा," लोइझे हळूच म्हणाला. "वाकताना उजवा पाय मागे घेतो बघ, तो."

"तुला रे कसं माहीत?"

त्यानं जीभ चावली. "संघ बाहेरगावी खेळतो ते सामने दाखवतात. कोपऱ्यावरच्या बारमध्ये."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"आणि मला एकदाही नेलं नाहीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं, असं लोइझेला वाटलं.

सत्तावीस-शून्य. गर्दी मैदानात घुसली आणि रिवाजाप्रमाणे गोलचे खांब उपटायला धावली. सगळं शहर त्या खांबांकडे पळत होतं, आणि एकच खेळाडू उलटा, गर्दी रेटत, प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे निघाला होता. कठड्याशी थांबून त्यानं शिरस्त्राण काढलं, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि वरच्या रांगांत कुणाला तरी शोधू लागला.

"केस गेले रे त्याचे," रोझालिया म्हणाली. "सव्विसाव्या वर्षी. मला पत्तासुद्धा नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. टीव्हीवर पुन्हा खांब दिसू लागले.

लोइझे उभा राहिला. "तो माझा मुलगा आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "आत्ता दाखवला ना, तो."

"आज सगळेच आपले मुलगे, काका," कुणीतरी हसत त्याच्या हातात बीअर दिली.

"अहो, खरंच माझा आहे." कुणाचं लक्षच नव्हतं. तो बायकोकडे वळला. "सांग ना यांना. माझा मुलगा आहे तो."

रोझालिया कोट चढवत होती. "यांना कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "त्याला सांग."