निळ्या गाडीची हमी

आकाराम मिस्त्री गाडी घेणार, ही बातमी उद्यमनगरात आकारामच्या आधी पोचली होती. सायकल घेऊन तो गॅरेजच्या फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून हाक मारली, "काय मालक, पेढं कुठं हायती?"

मालक! नऊ वर्षं ज्याला सगळे 'ए मिस्त्री' म्हणत आले, त्याला कुणीतरी मालक म्हटलं. आकारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागच्या कॅरिअरवरून त्याची बायको बयाबाई उतरली आणि पदर सावरत म्हणाली, "अजून कागद झाला न्हाय. पेढं मागनं."

साल होतं अठ्ठ्याहत्तर. दसरा नुकताच झाला होता आणि गुऱ्हाळं पेटायला पंधरा दिवस राहिले होते. एकदा का गुळाचा हंगाम सुरू झाला, की ज्याच्याकडे ट्रक त्याला दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नाही. गाडी घ्यायची तर ती आत्ता, याबद्दल नवराबायकोचं एकमत होतं. नवराबायकोचं एकमत तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं.

गॅरेज गणपतरावांचं. थकलेल्या गाड्या स्वस्तात आणायच्या, खोलायच्या, जोडायच्या, रंग मारून विकायच्या, असा त्यांचा धंदा. आणायचं आणि विकायचं काम गणपतरावांचं, खोलायचं आणि जोडायचं आकारामचं. गणपतराव बोलण्यात असे, की माणूस नुसता चहा प्यायला आला तरी जाताना निदान एक टायर घेऊन जायचा. पण त्यांची खरी करामत म्हणजे हमी. गुलाबी कागद, वर गणपतीचं चित्र, खाली जांभळा शिक्का. गाडीच्या किमतीवर बाराशे रुपये वेगळे द्या आणि वर्षभर निवांत राहा. इंजनात, गिअरबॉक्समध्ये काही बिघडलं आणि गाडी जिल्ह्यात कुठंही बंद पडली, तर गॅरेजचा माणूस येऊन फुकट चालू करून देणार. जुन्या गाडीला असली हमी देणारे आपण एकटेच, असं ते छाती फुगवून सांगत.

आणि ती निळी गाडी! तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणली, तेव्हा तिच्याकडे बघून गणपतरावसुद्धा हळहळले होते. आकारामनं तिचं इंजन जमिनीवर मांडलं. पिस्टन नवे घातले, क्रँक घासून आणला, एकेक नळी फुंकून बघितली. ज्या दिवशी इंजन पहिल्यांदा सुरू झालं, त्या दिवशी हा गडी डोळे मिटून नुसता उभा राहिला. कुठं खडखड नाही, कुठं धाप नाही. ही आता दुसऱ्या कुणाला द्यायची, या विचारानं त्याला रात्रीची भाकरी गोड लागेना. गाडी आपणच घेणार आणि नोकरी सोडून स्वतः स्टिअरिंगवर बसणार, हे त्यानं महिन्यापूर्वी मालकांच्या कानावर घातलं. मालकांनी "बघू की," म्हणून ते दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

नऊ वर्षांची शिल्लक गाडीच्या किमतीला पुरेना, म्हणून बयाबाईनं कळंब्याच्या घरच्या गोठ्यातल्या तीन म्हशींपैकी दोन विकल्या. राहिली चंद्री. तिच्या दुधाच्या रतिबावर घर चालणार होतं, निदान गाडी कमवायला लागेपर्यंत. आणि हमीचे बाराशे आणायचे तर चंद्रीलाही बाजार दाखवावा लागणार होता.

पण हमी हवी हा हट्ट बयाबाईचाच. तिच्या भावानं, गुंडूनं, असाच एक जुना ट्रक नुसत्या तोंडच्या बोलण्यावर घेतला होता. तिसऱ्या महिन्यात तो रस्त्यात बसला तो पुन्हा उठलाच नाही. शेवटी भंगारवाल्यानं नेला. तेव्हापासून बयाबाई कागदाशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे. "कागद असंल तर गाडी," तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "न्हायतर माझ्या म्हशी आना परत."

आकारामलाही ते पटत होतं. नऊ वर्षांत कितीतरी गिऱ्हाइकांना त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "पावणं, हमी घ्याच." लोकांना सांगायचं आणि आपण मागं सरायचं, हे त्याच्या सरळ डोक्यात बसत नव्हतं. चंद्री डोळ्यांसमोर आली की मात्र तो पुन्हा बाराशेचा हिशेब मांडायला बसायचा.

"या वैनी, या!" गणपतराव पडवीतल्या खुर्चीतून उठले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बयाबाईला वैनी म्हटलं, आणि ते कारकुनाकडं वळले. "त्र्यंबकराव, चहा सांगा तिघांना. न्हाय, चौघांना."

चौथा माणूस स्टुलावर बसला होता. लाल पटक्याचा, मोठ्या मिशांचा. आकारामनं त्याला लगेच ओळखलं. हे गारगोटीचे पिराजी. गेल्या मार्गशीर्षात त्यांनी इथूनच एक ट्रक नेला होता, आणि आता दुसरा शोधत होते.

"त्येंची नजर निळ्या गाडीवर हाय," गणपतरावांनी मुद्दामच मोठ्यांदा सांगितलं. "हमीसकट आत्ता उचलत्यात. पन मी म्हनलो, आकाराम घरचा मानूस, आदी त्याचं. बाराच्या आत काय त्ये ठरवा."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बयाबाईनं मात्र कपबशी बाजूला सारली आणि ती सरळ अंगणात जाऊन गाडीला गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघायला लागली. म्हैस घेताना बघतात तशीच. मागून बघितली, पुढून बघितली, टायरवर थाप मारली, खाली वाकून पोटाकडं बघितलं. उद्यमनगरातली चार माणसं कामं टाकून गंमत बघायला फाटकात जमली.

"चालू करा," तिनं हुकूम सोडला.

आकाराम केबिनमध्ये चढला. स्टार्टर दाबला आणि निळी गाडी पहिल्या हाकेला उठली. कसा आवाज! भरल्या घशाचा, एका लयीचा. लेथवाल्यानं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. बयाबाईनं बॉनेटवर हात ठेवला, आणि बाई कितीही करारी असली तरी तिच्या ओठाचा कोपरा हलला, तो आकारामनं काचेतून बघितला. आता चंद्री गेली तरी चालेल, असं त्याला त्या क्षणी वाटलं. पुढच्या क्षणी स्वतःचीच लाज वाटून त्यानं इंजन बंद केलं.

"गाडी बेस हाय," बयाबाई परत येऊन म्हणाली. "आता हमीचं सांगा. बाराशे लई हुत्यात."

गणपतराव तोंड उघडणार तोच पिराजींनी बशीतला चहा संपवून मिशा पुसल्या. त्यांना गाडी हवी होती, पण हमीची तारीफ करायची संधी सोडतील तर ते पिराजी कसले. "वैनी, डोळं झाकून घ्या हमी. माझ्याकडं बघा. श्रावणात गाडी बंद पडली, गारगोटीच्या अलीकडं, भर पावसात. वर माल, आजूबाजूला कुत्रं न्हाय. गणपतरावांना निरोप धाडला. दुपारच्या यष्टीनं मानूस हजर! चिखलात गाडीखाली शिरला, अर्ध्या तासात गाडी चालू. म्हैन्याभरानं गिअर अडाकला, तवाबी तसंच. त्यो नुसता इंजनाला कान लावतोय आन रोग सांगतोय. बाराशे कसलं, दोन हजार मागितलं तरी द्या!"

"बघा!" गणपतराव फुलून गेले.

"कोन आलतं?" बयाबाईनं विचारलं.

"कोन म्हंजे? गॅरेजचा मानूस."

"व्हय, पन नाव काय त्येचं?"

पिराजींनी रिकामी कपबशी केबिनच्या दिशेनं केली. "नाव काय इचारताय? ह्यो काय बसलाय की. आकाराम!"

आकारामनं मागं वळून बघितलं, दुसरा कुणी आकाराम आहे की काय म्हणून. मागं नुसती केबिनची भिंत होती.

बयाबाई तडक टेबलाशी गेली. तिथं त्र्यंबकराव कारकून गुलाबी कागद पुढ्यात घेऊन, टाक शाईत बुडवून बसले होते. "ह्येच्यात काय लिवलंय त्ये वाचा."

त्र्यंबकरावांनी चष्मा सारखा केला. "सदर वाहनाच्या इंजनात वा गिअरबॉक्समध्ये बिघाड झाल्यास आमचे कुशल मिस्त्री जागेवर येऊन विनामूल्य..."

"हितं मिस्त्री किती हायत?"

त्र्यंबकराव गणपतरावांकडं बघायला लागले. गणपतराव छताकडं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अशा वेळी फार अडचणीचा असतो. "एकच," त्र्यंबकराव म्हणाले. "हे तुमचेच."

"आन उद्यापास्नं?"

"उद्यापासून... म्हणजे हे गाडीवर गेले तर... कुणीच नाही."

बयाबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. "म्हंजे मी चंद्री इकायची, पैसं तुमच्या हातात द्यायचं, आन गाडी बंद पडली की तुमी माझ्याच नवऱ्याला माझ्याच नवऱ्याकडं धाडनार व्हय?"

फाटकात असा हशा उसळला की पलीकडच्या फाउंड्रीतली माणसंही बाहेर आली. लेथवाला तर हसून हसून खालीच बसला. गणपतरावही आधी हसले, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "आवो, नवा मिस्त्री ठेवतोय की! हमी गॅरेजची असतीया, मानसाची न्हाय."

"थांबा मालक." आता पिराजी उठले. "माझ्या हमीचं अजून दोन म्हैनं ऱ्हायल्यात. नवा मिस्त्री कोन?"

"मिळंल की कोनतरी."

"कोनतरी? बाराशे मी ह्येच्या हातावर भरवसा ठिवून दिलतं. तुमचा गुलाबी कागद काय गाडीखाली शिरतोय? ह्यो जानार असंल तर मला ती निळी गाडी नको आन दुसरी हमीबी नको." पिराजींनी पटका झटकला. त्यांचा राग खरा होता.

गणपतराव खुर्चीत बसले. पिराजींची धरून सात गाड्यांची हमी अजून चालू होती आणि बाकीचे मालकही पिराजींपेक्षा मऊ नव्हते. आकाराम खरोखर सोडून जाईल, हे त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं. गाडीवर ड्रायव्हर ठेवील आणि सकाळी हा कामावर येईलच, असं ते धरून चालले होते. "आकाराम," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुला हमी फुकट. घे कागद. वैनींचंबी समाधान."

आकाराम केबिनमधून खाली उतरला. नऊ वर्षं हमी म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर तो जांभळा शिक्का यायचा, गणपतरावांची लांबलचक सही यायची. आपण एसटीनं जायचो, चिखलात झोपायचो, परत यायचो, ते निव्वळ कामाचा भाग म्हणून. गणपतरावांनी विकली ती वस्तू आपणच होतो, हे त्याला आज कळलं, आणि आनंदानं मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. ओरडला नाही. गडी मुळात भिडस्त.

"मालक, कागद ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ही गाडी मीच खोलली, मीच जोडली. हिच्या पोटात काय हाय त्ये तुमच्या शिक्क्यापरास मला जास्त ठावं हाय. पन ज्या सात गाड्यांची हमी चालू हाय, त्येंच्या मालकांनी माझ्या तोंडाकडं बघून हमी घेतलीया. त्येंचं वरीस संपस्तवर निरोप आला की मी जानार. पिराजी, तुमच्याकडंबी. यष्टीचं भाडं तेवढं मालकांचं."

पिराजींनी पुढं होऊन त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की बिचारा बॉनेटवर आपटायचा वाचला. "जिक्कलास मर्दा!"

"आन मालक," धपाट्यानं धीर आला असावा, आकाराम पुढं म्हणाला, "स्टेपनी लई झिजलीया. नवी पायजे."

नऊ वर्षांत त्यानं मागितलेली ही पहिली गोष्ट. गणपतराव खदखदून हसले. जात्या वाईट माणूस नव्हता तो, फक्त दुकानदार होता. "घे लेका, घे! आतली काढा रे नवी."

गाडीचा कागद झाला, सह्या झाल्या. मागं हौद्यात सायकल चढली, नवी स्टेपनी चढली. बयाबाई चाकावर पाय देऊन केबिनमध्ये बसली. आकारामनं तिच्याकडं चोरून बघितलं. हमीचा कागद न घेता निघालो, आता घरापर्यंत तोंडाचा पट्टा चालणार, म्हणून त्यानं मनाची तयारी केली आणि गाडी फाटकाकडं काढली.

"अवो," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. आवाज ओला होता. "नऊ वरसं सांजच्याला काळं हात घिऊन येतासा, भाकरी खातासा, झोपतासा. मला वाटायचं, हितं नट आवळत असतील. गारगोटीच्या मानसाला म्हाईत, आन मला म्हाईत न्हाय. एकदा सांगायला काय झालतं?"

आकारामच्या डोळ्यांपुढं फाटक धूसर झालं, पाय क्लचवरून सटकला, आणि जिल्ह्यातला सगळ्यात कुशल मिस्त्री स्वतःच्या गाडीसकट ऐन फाटकात आचका देऊन बंद पडला.

एकच गिल्ला झाला. "आली का पंचाईत!" लेथवाला बोंबलला. "हमी न्हाय, कागद न्हाय! आता मिस्त्री कुठनं आननार, वैनी?"

बयाबाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम.

"आननार कशाला? घिऊनच निघालीया मी!" ती ओरडली. आकारामनं नाक ओढत स्टार्टर दाबला, आणि निळी गाडी कळंब्याच्या रस्त्याला लागली.