क्लच त्याचा, गिअर तिचा

काचवाल्याने डावा पाय दाबला आणि पायाखाली काहीच लागलं नाही. जिना संपल्याचं लक्षात न येता अंधारात आणखी एक पायरी उतरायला जावं, तसा त्याचा बूट गाडीच्या तळावर आपटला. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला. त्या नव्याकोऱ्या पिकअपला क्लच नव्हता.

“होतं असं, सर,” खिडकीशी वाकून उभा असलेला सेल्समन म्हणाला. “आठवडाभर पाय शोधत राहतो. मग नाद सोडतो.”

“छान आहे,” असं म्हणत काचवाला कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून खाली उतरला.

सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. नवी गाडी घ्यायची म्हणून बायको आणि मुलगी उठायच्या आधीच तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्याच लग्नाला निघाल्यासारखा दारात उभा होता. शोरूममध्ये शिरताना त्याने दर्शनी काचेवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि ‘काच बरी आहे, बसवणारा घाईत होता’ असा निकाल दिला. जुनी पिकअप, जिला घरात सगळे म्हातारी म्हणत, मागच्या महिन्यात चढावर बसली ती उठलीच नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट मिटलं आणि मोठ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, घरच्यांना बोलावून घ्या. काचवाल्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नव्या गाड्यांची चित्रं पाहिली आणि दुप्पट जेवला.

कोणती गाडी घ्यायची हे मात्र मुलीने आधीच ठरवून टाकलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे सोडवायचे आणि उरलेल्या वेळात घरातल्यांचे आखडलेले विचार, असा तिचा दिनक्रम. बाबांचा खांदा अधू, तेव्हा गाडी ऑटोमॅटिक. आणि जेवताना ती आईला म्हणाली होती, “सुटलीस तू एकदाची. आता बैस घरी आरामात.”

त्यावर आई फक्त “हं” म्हणाली होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोच्या ‘हं’चे सगळे प्रकार काचवाल्याला ओळखता येत नसत. हा ‘हं’ तर तो आठवडाभर चघळत होता.

“गिअरवाली दाखवा,” तो आता सेल्समनला म्हणाला.

सेल्समन अदबीने हसला. गिअरवाली पिकअप हल्ली मागतं कोण, असं तो म्हणाला. कंपनीने यंदा एकच मॉडेल ठेवलं होतं, पुढच्या वर्षी तेही जाणार होतं. मुलीने वडिलांच्या दंडाला धरलं.

“बाबा, गिअरसाठी तुम्ही कशाला भांडताय? गिअर तुम्ही टाकताच कुठे? आई टाकते.”

“म्हणजे?” सेल्समनने विचारलं.

मुलीने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका नाचाच्या शाळेसाठी पुरुषभर उंचीचा आरसा जिन्याने वर नेताना काचवाल्याचा पाय सटकला. आरसा वाचला, खांदा गेला. आरसा बसवून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, जरा लहान वाटतोय. गेला तो नेमका गिअरकडचा खांदा. हात गळ्यात अडकवून घरी बसावं तर ऑर्डरी खोळंबलेल्या, आणि परक्या ड्रायव्हरच्या हाती काच सोपवायला याचा जीव होईना. तेव्हा बायको ओले हात पुसत बाहेर आली, शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, तुम्ही पाय चालवा, मी हात चालवते.

सुरुवातीला तो ‘दुसरा’, ‘तिसरा’ असं ओरडायचा आणि ती भलताच टाकायची. एकदा भर चौकात तिसऱ्याऐवजी पहिला पडला, तेव्हा म्हातारी अशी किंचाळली की ट्रॅफिक पोलिसाने हातातली शिट्टी उलटीसुलटी करून पाहिली. मग ओरडण्याच्या जागी नुसती मान हलवणं आलं आणि पुढे तेही गेलं. इंजिनाचा आवाज चढला की तिचा हात जाई, त्याचा पाय जाई. आधी काय, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि हात रिकामा नसला की माणसाचं तोंड मोकळं होतं. घरात त्यांचं बोलणं वीजबिल आणि ‘कडी लावली का’ यापलीकडे सहसा जात नसे. गाडीत मात्र ती त्याच्या बहिणीची नक्कल करी, आपल्या शाळेतल्या भांडणांचे निकाल नव्याने लावी, एवढाले आरसे लावणाऱ्यांना आरशात एवढं दिसतं तरी काय, यावर आपली मतं मांडी. हसता हसता तिचा गिअर कधी चुकत नसे. त्याचाच क्लच सुटायचा.

खांदा बरा झाला तो एका दुपारी. फळीवरचा डबा काढायला काचवाल्याने हात वर केला आणि हात गेला. सरळ, कानाला लागून, कसलीही तक्रार न करता. काचवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. हात हळूच खाली घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अगं, तेवढा डबा काढून दे.” त्या दिवसापासून खांदा फारच दुखू लागला. मुलगी शिकून आल्यावर तर त्याला जास्त जपावं लागे. ती ‘बघू जरा’ म्हणत जवळ आली की काचवाल्याला दुकानातली राहिलेली कामं आठवत.

आता गाडी आपले गिअर आपणच टाकणार म्हटल्यावर बायकोने शेजारी बसायला कारणच उरत नव्हतं. ‘तू अशीच येत जा, बरं वाटतं,’ असं म्हणता आलं असतं. पण असलं वाक्य त्या घरात आजवर कुणी बोललेलं नव्हतं. ऐकून तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आणि समजा, ती म्हणाली, नको, घरीच बरं? त्या जागी आला की काचवाल्याचा विचार म्हातारीसारखा चढावरच बसे.

म्हणून तो शोरूममध्ये सिद्धांतावर भांडत होता. गिअर बंद करणं हा माणसाचा अपमान आहे, असं त्याने सांगितलं. उतारावर मागे काच भरलेली असते तेव्हा गाडी ब्रेकवर नाही, गिअरवर धरावी लागते.

“ही आपोआप धरते, सर. वजन किती आहे ते तिला कळतं.”

“वजन कळेल. मागे काच आहे की कापूस, ते कळतं का?”

सेल्समनच्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं. तो म्हणाला की ज्यांना हौस असते त्यांच्यासाठी हातानेही गिअर बदलायची सोय आहे. स्टिअरिंगच्या मागे या दोन पट्ट्या, नुसतं बोट लावायचं. काचवाल्याने त्या पट्ट्यांपासून शेजारच्या सीटपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. आयुष्यभर मापं घेतलेली नजर ती, चुकणार नव्हती. त्याने मान हलवली.

“मग मी करायचं काय?” त्याने विचारलं.

“आराम, सर.”

“आरामाला घरी पलंग आहे.”

कॉफीच्या मशीनपाशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही आता वादात उतरली. एकाचं म्हणणं, गिअर म्हणजे नुसती कटकट. दुसरा म्हणाला, कटकट नसेल तर गाडी आणि सोफा यांत फरक काय? काचवाल्याला हुरूप आला. बायको मात्र एका खुर्चीवर पर्स मांडीवर ठेवून बसली होती. तिचं मत कुणी विचारलं नाही, आणि काचवाल्याची तर विचारायची छातीच नव्हती.

अखेर सेल्समनने हात टेकले. मागच्या आवारात एक गिअरवाली उभी होती. कुणीतरी खास रंग सांगून मागवलेली आणि रंग बघून नाकारलेली. बाहेर जाऊन पाहतात तो अस्सल गाजरी रंगाची, पुढे-मागे दोन्हीकडे बसायची सोय असलेली, ऐटबाज पिकअप. मुलीने डोळ्यांवर हात धरला. काचवाल्याला ती गाडी म्हणजे साक्षात नवरी वाटली.

“चालवून बघू,” तो म्हणाला. एव्हाना तो दार उघडून आतही बसला होता.

बायको सवयीने फिरून पुढच्या दाराशी गेली. तिने हात पुढे केला, तर सेल्समन आधीच आत बसून पट्टा लावत होता.

“सॉरी मॅडम. टेस्ट ड्राइव्हला आमचा माणूस पुढे असतो. कंपनीचा नियम.”

ती मागचं दार उघडून मुलीशेजारी बसली.

काही निमित्त काढून उतरावं, असं काचवाल्याच्या मनात आलं. पण चावी फिरली होती, इंजिन मांजरीसारखं गुरगुरत होतं आणि डाव्या पायाखाली क्लच होता, भरीव, ओळखीचा. त्याने तो दाबला. शेजारून हात येण्याची वाट पाहिली. सेल्समनचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर नीट ठेवलेले होते. तेव्हा काचवाल्याने आपलाच हात नेला, जरासं कण्हला आणि पहिला टाकला.

लोण्यात सुरी जावी तसा गिअर गेला. दुसऱ्याला तो थोडं कमी कण्हला. तिसऱ्याला विसरला. आवाराच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, चढ लागला, समोर एक बस रेंगाळत होती. त्याने खालचा गिअर घेतला, बसला वळसा घातला, वरचा घेतला. पुढे रस्ता मोकळा, लांबलचक, दोन्ही बाजूंची झाडं भराभर मागे पळणारी. चौथा. पाचवा. खिडकीतून वारा भणाणत आत आला. काचवाल्याने कुठलंतरी विसरलेलं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा त्याने गिअरकडचाच हात थेट छतापर्यंत उंच नेऊन डोळ्यांपुढची झडप खाली ओढली आणि त्याच झटक्यात हात परत आणून गिअरवर ठेवला. सेल्समनने दारावरची मूठ घट्ट धरली होती. परतताना काचवाल्याने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

आवारात दोन ऑटोमॅटिक गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी परत लावायची होती. एकदा मागे, एकदा पुढे, पुन्हा मागे, असं करावं लागणार होतं. त्याने मान वळवून मागे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याला मुलगी दिसली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. सांधे बघायच्या नजरेने त्याच्या खांद्याकडे बघत होती. काचवाल्याला तो खांदा एकदम कुणा दुसऱ्याचा वाटू लागला.

मग त्याची नजर बायकोकडे गेली. ती खिडकीबाहेर बघत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण गुडघ्यावर तिची मूठ वळलेली होती, हातात काही गोल धरल्यासारखी. मागे बघतच त्याने क्लच दाबला. त्याचा हात हलायच्या आधी ती मूठ बाजूला सरकली आणि मागे आली. मग त्याचा हात गेला, तिच्यामागून, तसाच. रिव्हर्स पडला.

त्याने गाडी नको तितकी सावकाश जागेवर लावली आणि इंजिन बंद केलं. कुणीच उतरेना.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुमच्या खांद्याला तर काहीही…”

“दुखतो त्यांचा,” बायको म्हणाली. “थंडीत फार दुखतो.”

“आई, आत्ता कुठे थंडी आहे?”

“येईल की.”

मुलीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, वडिलांच्या मानेकडे पाहिलं आणि मिटलं. लोकांचे सांधे बघायला बसली की ती बडबडी असे. आता ती खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या ओठांचा एक कोपरा मात्र तिच्या ताब्यात नव्हता.

बायको पुढे वाकली. सकाळपासून ती सेल्समनशी पहिल्यांदाच बोलत होती.

“गाडी घरी नेतानाही तुमचा माणूस पुढे बसतो का हो?”

“नाही मॅडम. तो नियम फक्त टेस्ट ड्राइव्हपुरता.”

“मग हीच द्या.”

सेल्समन सज्जन होता. विक्री होत असतानाही त्याला राहवेना. तो अर्धा मागे वळला. “पण मॅडम, सरांचा खांदा एवढा दुखतो म्हणता, आणि गिअरवाली?”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि पर्सची चेन लावू लागली.

काचवाल्याने खिशातून रुमाल काढला होता. नव्याकोऱ्या स्टिअरिंगवर नसलेली धूळ तो खाली मान घालून पुसत होता, दोन्ही हातांनी. आणि मग, आठवण होऊन, एकाच हाताने.