आज सकाळपासून हरवले आहेत

आमच्या घरात कुठल्याही मेसेजची उलटतपासणी करायचं काम माझं. मावशीने साखर मुळापासून घालवणारा काढा पाठवला, काकांनी जग बुडायची तारीख पाठवली, की मी विचारणार: कोणी सांगितलं, कधी, कशावरून? त्यामुळे मी सगळ्यांच्या डोक्यात जाते. जाऊ दे. पण एका मेसेजपुढे मी हात टेकले होते, आणि तो आम्हीच पाठवलेला होता.

बाबांना विसरायला व्हायला लागलं होतं. एकदा ते दूध आणायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. दादाने घाईघाईत त्यांचा फोटो टाकून लिहिलं, 'आमचे वडील आज सकाळपासून हरवले आहेत, अंगात तपकिरी स्वेटर आहे.' खाली नंबर बाबांचाच, कारण ते फोन घरी विसरले होते आणि तो आईने हातात घट्ट धरून ठेवला होता. संध्याकाळी बाबा एका न्हाव्याच्या दुकानात निवांत पेपर वाचताना सापडले. पुढे वर्षभराने आजारपणात ते गेले, घरीच, आईच्या डोळ्यांदेखत.

दादाने मेसेजवर तारीख टाकली नव्हती. मग काय, तो मेसेज काही मरेना. कोणीतरी गावाचं नाव बदलायचं आणि बाबा पुन्हा त्याच सकाळपासून हरवायचे. मध्ये कुणा शहाण्याने त्याला शेपूटही जोडलं: अशा मेसेजमुळे शंभरातली नव्वद माणसं घरी परततात. माझं डोकंच फिरलं. कोणी मोजली? परत आलेल्यांची गोष्ट सगळे सांगतात, न आलेल्यांची कोण सांगतो? आणि बाबा तर मेसेजमुळे सापडलेच नव्हते, न्हाव्याने ओळखलं म्हणून सापडले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, असतील की नव्वद.

फोन यायचे. कोणाला बाबा बागेत दिसायचे, कोणाला दवाखान्याच्या दारात. आई प्रत्येकाला विचारायची, चालताना पाय ओढतात का, काही खाल्लं का त्यांनी. ते गेलेत हे ती एकदाही सांगायची नाही. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा असा उजळलेला असायचा की माझ्याच्याने बघवायचं नाही. मला बाबा नको होते असं थोडंच आहे? ते खोकत दार उघडायचे, अजून जिन्यात कोणी खोकलं की मी दाराकडे बघते. पण म्हणून अशा खोट्या बातम्यांवर दिवस काढायचे? मी सांगून टाकलं, लोकांना उगाच फिरवू नकोस, या महिन्यात हा नंबर बंद. तिने नुसतं हूं केलं.

रविवारी दुपारी तो फोन वाजला. आई भांडी घासत होती, म्हणून मी उचलला, स्पीकर लावून. एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या बाई होत्या. तुमचे वडील आमच्या पायरीवर बसलेत, चेहरा नीटसा जुळत नाही, पण स्वेटर तसाच आहे, घरी जायचंय एवढंच म्हणतायत. मी खरं ते सांगितलं: मेसेज जुना आहे, बाबा केव्हाच गेले, हे दुसऱ्या कोणाचे तरी असणार, लगेच पोलिसांना कळवा. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. दुकानातल्या माणसाला चौकीत पाठवते म्हणाल्या.

मी फोन ठेवणार तेवढ्यात आईने ओला हात पुढे केला.

"त्यांच्याकडे द्या जरा," ती बाईंना म्हणाली.

थोडी खरखर झाली. मग पलीकडे कोणीतरी नुसता श्वास घेत होतं.

"अहो," आई म्हणाली. या सुरातलं 'अहो' मी बाबा गेल्यापासून ऐकलंच नव्हतं. "अहो, उन्हात नका बसू. आत सावलीत बसा. येतायत न्यायला."

मग एक थकलेला, म्हातारा आवाज म्हणाला, "येतो गं मी. तू जेवून घे. माझ्यासाठी थांबू नकोस."

आईने डोळे मिटून घेतले.

"बरं," ती म्हणाली. फोन माझ्या हातात दिला आणि हात पुसले. "आता कर बंद हा नंबर."

पलीकडचे ते आजोबा अजून काहीतरी बोलत होते, दुधाबद्दल असावं. ते आपले कोणी नाहीत हे मीच आत्ता त्या बाईंना पटवून दिलं होतं. तरी मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. मला तो ठेववेना.