गोजराबाईची तपासणी

गोजराबाईची पाळी थांबल्याचं पहिल्यांदा ध्यानात आलं ते तिच्या नवऱ्याच्या, हैबतरावाच्या. हिंजवडीजवळच्या माण गावातल्या त्यांच्या घरात ती बाजूला बसली की चार दिवस स्वयंपाक तोच करी. एका सकाळी न्याहारी करताना त्याला जाणवलं, की पाच महिन्यांत आपण एकदाही पीठ मळलेलं नाही.

"तब्येत बरी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या करपलेल्या भाकरीतनं सुटले, आणिक काय पायजे?" ती हसली, पण नजर चुकवून तवा उतरवू लागली. तिची थोरली बहीण पोटातल्या गाठीनं गेली होती. आपल्यालाही तेच असेल, या धास्तीनं ती गप्प होती.

हैबतराव तिला हिंजवडीला घेऊन गेला; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी सांगितली. तपासणीच्या खोलीच्या दाराशी गोजराबाई क्षणभर थबकली.

"तुमी हितंच बसा," ती म्हणाली. "न्हाईतर माझ्याआधी तुमालाच घेरी यायची."

आणि ती एकटी आत गेली. गाठ नव्हती. वयानं पाळी जात होती, एवढंच.

नळावर बायका असलं कुजबुजत बोलत. गोजराबाईनं दुसऱ्याच दिवशी तिथं मोठ्यानं सांगितलं, आणि वर्षभरात आळीतल्या नऊ भित्र्या बायकांना तपासून आणलं.

"आमची कारभारीण हाय ती," हैबतराव पारावर छाती काढून सांगायचा.

दहावी बाई ठरली होती त्याची धाकटी भावजय, शेवंता. पण स्वाइन फ्लूच्या साथीत गोजराबाई गेली. शेवंताला दवाखान्यात न्यायचं अजून राहिलंच आहे.