खिडकीतली कात्री

मास्तरांना मास्तर म्हणायचे ते शाळेत शिकवत म्हणून नव्हे, तर त्यांनी गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले म्हणून. पन्नास वर्षं पायाने मशीन चालवलं माणसाने. सकाळी नऊला पायडलवर पाय ठेवायचा तो जेवायला काढायचा, पुन्हा ठेवायचा तो दिवे लागेपर्यंत. मध्येच उठायचं, गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, कापड बेतायचं, इस्त्री फिरवायची. आणि असा हा माणूस आज पलंगाच्या काठावर बसून, उठायचं कसं याचा विचार करत होता.

"बाबा, धरा मला. लाजायचं काय त्यात?" समोर दोन्ही हात पुढे करून मुलगा उभा होता.

"लाजतोय कोण?" मास्तर म्हणाले, पण मान काही वर केली नाही.

पलंगापासून मागच्या संडासापर्यंत सतरा पावलं. त्या सतरा पावलांना हल्ली दहा मिनिटं लागत. मुलगा काखेत हात घालून बापाला नेई, आत बसवी आणि दार अर्धवट उघडं ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राही. पडले-बिडले तर? परत येऊन पलंगावर टेकले की मास्तर डोळ्यांवर पांघरूण ओढून घेत. एकदाच म्हणाले होते, "मला दुसरं काही नको रे. तेवढं दार माझं मला लावता आलं पाहिजे."

मुलगा वायरमन होता आणि गल्ली त्याला त्याच नावाने ओळखायची. आई गेल्यापासून त्याने बापाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. आता जपणं वाईट असं कोण म्हणेल? पण अति तिथे माती, हे शहाण्याला सांगावं लागतं आणि प्रेम करणाऱ्याला तर दोनदा सांगावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी, मास्तरांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा, त्याने मशीनला मोटर बसवली होती. विकतची नाही हं. भंगारातली एक मोटर आणून, उघडून, तीन रविवार खपून स्वतःच्या हाताने तिला तार गुंडाळली. गुडघ्याने दाबायचं बटण केलं, म्हणजे पायाला काही कामच नको. मास्तरांनी बटण दाबलं, एक सरळ शिवण मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "झकास!"

हा शब्द वायरमनने बापाच्या तोंडून स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. मग काय, हुरूपच आला गड्याला. चाकाची खुर्ची आली, म्हणजे कपाटाशी जायचं तर बसल्या बसल्या सरकता येईल. कात्री, दोरे, बटणांचा डबा, सगळं हाताशी आलं. इस्त्री सुनेकडे गेली. मापं सून घ्यायची आणि मास्तर बसून लिहायचे. दूध आणायला ते कोपऱ्यावर जात, तेही बंद झालं. "तुम्ही आता आरामात बसायचं, बाबा," असं तो रोज म्हणे. बाबा बसले. बसले ते बसलेच.

मग एका सकाळी खुर्ची मागे सरकली आणि मास्तर टेबल आणि खुर्ची यांच्या मध्ये खाली आले. दवाखान्यात पायाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. मांड्यांत मात्र काही उरलेलं नाही. दीड महिना घ्या. तेवढ्यात हिंडू-फिरू लागले तर बरं, नाहीतर पुढचं मला सांगवत नाही. पलंग एकदा धरला की तो सहजासहजी सोडत नाही."

डॉक्टरांनीच व्यायामवाल्या बाईंना पाठवलं. बाई ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांनी पिशवीतून एक रबरी पट्टी आणि एक चेंडू काढला.

"बाई, मी काय बालवाडीत चाललोय?" मास्तर म्हणाले. "ठेवा ते आत."

बाईंनी खरंच ठेवलं. वाद घातला नाही, समजूत काढली नाही. त्या खोलीभर हिंडल्या. वायरमनने, राहवतं कुठे त्याला, मोटर दाखवली, बटण दाबून दाखवलं. बाई वाकल्या आणि टेबलाखाली बघत राहिल्या. पायडल तारेने घट्ट बांधलेलं होतं.

"हे कोणी बांधलं?"

"मीच. सैल झालं होतं, नुसतं खडखडायचं. तसंही आता त्याचं काय काम?"

"काम?" बाई सरळ झाल्या. "पन्नास वर्षं यांच्या पायांना तेवढंच तर काम होतं. ते तुम्ही काढून घेतलंत. उठणं काढून घेतलंत, बसणं काढून घेतलंत. मला राग येतोय असं समजू नका. दहा घरांपैकी आठ घरांत मी हेच बघते. चांगली माणसं असतात हो सगळी."

बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि समोरच्या खिडकीत नेऊन ठेवली. दोरे कपाटावर ठेवले. चाकाची खुर्ची ढकलत पडवीत नेली आणि तिथलं लाकडी स्टूल आत आणलं.

"मास्तर, चेंडू नको ना? राहिला. तुम्ही शिवा. कात्री लागली की उठून घ्या आणि काम झालं की परत खिडकीत ठेवा. सुरुवातीला सूनबाई शेजारी उभ्या राहतील, पण हात तुम्ही मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आणि ती मोटर काढा."

"मोटर निघायची नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, पण..."

"बाकी सांगाल ते करतो. मोटर निघायची नाही. पोराने हाताने केलेली आहे."

बाईंनी वायरमनकडे पाहिलं, पिशवी उचलली. "गुरुवारी येते," एवढंच म्हणून गेल्या.

खरं सांगायचं तर वायरमन मनातून सुखावला. बापाने आपली बाजू घेतली! पण ते सुख संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. मास्तरांचा डोळा लागला होता. बटण तुटलेला शर्ट घेऊन तो मशीनचा खण उचकू लागला आणि डब्याखाली त्याला चामडी पट्टा सापडला, पायडलचं चाक आणि वरचं चाक जोडतात तो. जुना पट्टा त्याने मोटर बसवली त्या दिवशीच केरात टाकला होता. हा नवा होता, पण आतली बाजू घासून काळी गुळगुळीत झालेली. पुष्कळ चाललेला पट्टा होता.

"हा कुठला गं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"त्यांनी शपथ घातली होती मला."

"कसली शपथ?"

"मोटर बसवलीत ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडून आणवून घेतला. तुम्ही कामावर गेलात की मोटरचा पट्टा उतरवायचे, हा चढवायचे. दिवसभर पायानेच शिवायचे. पाच वाजले की परत मोटर. सहा-सात महिने चाललं असं."

"मग?"

"मग एका रविवारी तुम्ही पायडल तारेने बांधलंत. त्यांच्या बोटांना ती तार सुटेना. मी म्हटलं, यांना सांगते. तर म्हणाले, राहू दे सूनबाई, त्याने बांधलंय तर असेल काही कारण."

वायरमन तिथेच खाली बसला. हजार तारा जोडल्या होत्या त्याने, पण इतकी घट्ट बांधलेली ती एकच आठवत होती. पकडीने तीन पीळ दिले होते आणि वर मजेत शीळ घातली होती. चीड आली त्याला. बायकोची नाही, बापाचीही नाही, स्वतःच्या त्या शीळ घालण्याची आली.

त्याने पक्कड आणली आणि टेबलाखाली शिरून तार कापली. आवाजाने मास्तर जागे झाले. पलंगावरून त्यांना मुलाची नुसती पाठ दिसत होती.

"काय करतोस रे?"

"बाबा, तुम्हाला मोटर नको होती?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "तू शिंपी झाला नाहीस म्हणून बारा वर्षं तुला टोचून बोललो मी. जेवताना बोललो, चारचौघांत बोललो. तुझी आई आडवी यायची, तर तिलाही बोललो. तू या मशीनला पहिल्यांदा हात लावलास तो त्या मोटरसाठी. त्याला मी नको कसं म्हणायचं?"

"म्हणून पाय घालवलेत?"

"पाय असे जातील हे कोणाला माहीत होतं, पोरा? मला वाटलं, म्हातारपण आलं."

दुसऱ्या दिवशी मोटर निघाली. वायरमनने ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. पहिल्या दिवशी एका उशीच्या अभ्र्याची एक बाजू झाली आणि मास्तरांच्या पोटऱ्यांना गोळे आले. दुसऱ्या दिवशी स्टुलावरून उठताना तीनदा परत बसले आणि चौथ्यांदा उठले. तिसऱ्या दिवशी उठलेच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गुरुवारी बाई आल्या, पोटरी चाचपली, म्हणाल्या, "दुखतंय? छान. म्हणजे अजून आहे काहीतरी आत."

त्यानंतर घरात रोज एकच भांडण व्हायचं.

"कुठल्या गाढवाने कात्री तिकडे नेऊन ठेवली?"

"तुम्हीच ठेवलीत मघाशी, बाबा."

"मग आण की!"

"नाही आणणार."

हे 'नाही' म्हणताना वायरमनचा जीव किती तुटायचा ते त्याचं त्याला ठाऊक. बाप टेबलाला धरून उठतो आहे, गुडघे लटपटताहेत, आणि आपण धडधाकट माणूस बघत बसायचं! याच्यापेक्षा विजेच्या खांबावर चढणं सोपं. सून जास्त कणखर निघाली. ती शेजारी उभी राहून खुशाल शेंगा सोलायची.

चौथ्या आठवड्यात मास्तर खिडकीपर्यंत कोणाचा हात न धरता जाऊ लागले. पाचव्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाचं माप उभं राहून घेतलं, आणि नंतर तासभर आडवे झाले. पुन्हा पूर्वीसारखे होणार नव्हते ते. बाईंनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. गेलेलं सगळं परत येत नाही.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी वायरमन मागच्या उंबऱ्याशी बसून कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होता. मशीन थांबलं. मास्तर उठले, पण खिडकीकडे वळले नाहीत. मागच्या दाराकडे वळले.

वायरमन अर्धा उठला. बायकोने नुसती मान हलवली. तो परत बसला आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले. न धरून करतो काय, ते आपोआप पुढे जात होते.

मास्तर त्याच्याजवळून जाताना थांबले. एक हात भिंतीवर होता, श्वास लागला होता.

"मोटर चांगली होती हो तुझी," ते म्हणाले. "अजिबात आवाज करायची नाही."

मग पुढे गेले. वायरमनने मागे वळून पाहिलं नाही, नुसती पावलं ऐकली. नवव्या पावलाशी ती थांबली. फार वेळ थांबली. पुन्हा सुरू झाली. मग दार करकरलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकला मात्र, आणि वायरमनला रडू फुटलं. बायकोने सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"हळू," ती म्हणाली. "आत ऐकू जाईल त्यांना."