खेकड्यांचं खाचर

“भाताला काय पंगतीला बसवायचंय का, म्हून येवढी रांग सरळ पायजे?” रतनबाई पुटपुटली. शेजारच्याच ओळीत वाकून रोपं लावणाऱ्या धोंडाबाईनं सुनेचं ते बोलणं ऐकलं आणि गिळलं. पोरगी कामथडीची, ज्वारी-बाजरीतली. वेल्ह्याकडचा चिखल तिनं लग्नाआधी पाहिलाच नव्हता. तिच्या ओळी म्हणजे चालता बैल मुतल्यासारख्या.

धोंडाबाईची ओळ मात्र सुतानं आखलेली. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रोप नुकतं मूळ धरत असताना, ती पुन्हा खाचरात उतरायची आणि कुणाचं, अगदी स्वतःचंसुद्धा, रोप जरा वाकडं दिसलं की उपटून सरळ लावायची. दरसाल. आणि दरसाल हेच खाचर पिवळं पडायचं, घरातलं भात होळीआधीच सरायचं, मग पुढं नाचणीवर भागवायचं. खेकडे मुळं तोडतात, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. नवरा रखमाजी वीस वर्षं मुकाट्यानं बांधातली खेकड्यांची बिळं बुजवत आला होता. सापडलेले खेकडे कालवणाला यायचे, तेवढाच काय तो फायदा.

यंदा सुनेच्या ओळी सरळ करता करता निम्म्या खाचरातच धोंडाबाईचा पाय मुरगळला. दहा दिवस ती घरात पडून होती. अकराव्या दिवशी काठी टेकत बांधावर आली, आणि टेकलेली काठी उचलायचंच विसरली.

तिनं सरळ केलेलं अर्धं खाचर हळद फासल्यासारखं पिवळं. उरलेलं अर्धं वाकडंतिकडं, आणि हिरवंकंच. त्यातही मधल्या ओळी तेवढ्या नागमोडी; पुढं पुढं त्या आपसूक सरळ होत गेलेल्या, आणि पलीकडच्या बांधालगतच्या दोन तर तिच्याच हातच्या वाटाव्यात. कुणी न उपटता. पिवळ्याहिरव्यातली शीव जिथं पडली होती, तिथंच तिचा पाय मुरगळला होता.

“खेकडे...” ती म्हणाली.

रतनबाईनं मान खाली घातली. आत्याबाई, पाणी कमी पडलं असंल, असं काहीतरी ती बोलली. पण पाणी तर दोन्हीकडं सारखंच होतं. रखमाजी बिळात ठोकायला आणलेला दगड धरून उभा होता. त्यानं तो हळूच बांधावर ठेवला.

“खेकडा न्हाई, धोंडे,” तो म्हणाला. “तुजा हात हाय त्यो.”