पावणेदोन किलोची सप्रेम भेट

या, जरा पुढे सरका. खांबाला टेकून बसा हवं तर, पण मागे दारापाशी नको. चपलांवर लक्ष ठेवणाऱ्याला कथा ऐकू येत नाही. आज एका कॅमेऱ्याची कथा सांगते. शांतपणे सांगायची असं ठरवलं होतं. तीनदा लिहून तीनदा फाडली, तेव्हा कळलं की हिच्यातून राग काढला तर मागे काही उरतच नाही. तेव्हा रागासकट ऐका.

कालिंदी ही माझी फणसवाडीतली शेजारीण. वय एकसष्ट, कीर्तनकार. दर गुरुवारी संध्याकाळी ठाकूरद्वारच्या आमच्या लहानशा दत्तमंदिरात ती चिपळ्या घेऊन उभी राहते आणि मी पहिल्या रांगेत बसते. एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत तिच्या डाव्या हाताला तबल्यावर एकच माणूस बसला, कुशाबा.

कुशाबा मूळचे देवगडकडचे, लालबागला आयुष्य गेलं. गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. "साच्यांच्या खडखडाटात ठेका चुकला नाय, तर तुमच्या टाळ्यांत काय चुकतलो!" म्हणायचे. या माणसाची देवाकडे एकच मागणी होती, पायी नर्मदा परिक्रमा. पाठीवर सॅक, नदी उजव्या हाताला, आणि तिला न ओलांडता चार-साडेचार महिने चालायचं. आधी गिरणी आडवी आली, मग पोरींची लग्नं, मग गुडघे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात.

त्यांच्या खाटेशी बसून कालिंदी म्हणाली, "कुशाबा, इतकी वर्षं मी बोलले आणि तुम्ही साथ केलीत. आता मी चालते, तुम्ही बघा. रोजची नदी तुमच्यापुढे आणून ठेवीन."

कुशाबांनी डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरला. त्यांची बायको गंगुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "हो म्हणतत ते."

म्हणून कॅमेरा हवा होता. कुणाला दाखवायला, चॅनेलवर टाकायला नव्हे. एका खाटेवरच्या माणसाला नदी दाखवायला.

दादरच्या हाडांच्या डॉक्टरांनी कालिंदीला बजावलं होतं, पाठीवर सहा किलो, वर छटाकही नाही. तिने सगळं घरच्या काट्यावर मोजलं. दोन कपड्यांचे जोड, घोंगडी, ताटली, औषधं, नर्मदेच्या पाण्याची पूजेची बाटली आणि चिपळ्या.

"चिपळ्या कशाला गं?" मी विचारलं.

"आश्रमात कुणी भाकरी वाढली तर संध्याकाळी त्यांना चार शब्द गाऊन दाखवायला नकोत?"

उरला पाव किलो. त्या पाव किलोत कॅमेरा बसवायचा. मी म्हटलं, फोन घेऊन जा. ती हसली. "तो फोन घेतला की आपलं देवळाचं अख्खं मंडळ सोबत आलं समज. मी साधा बटणांचा नेणार, मुलाला खुशाली कळवण्यापुरता. आणि उन्हात त्या पडद्यावर मला माझंच तोंड दिसतं."

आम्ही फोर्टात कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेलो. पहिल्या दुकानातल्याने एक तोफ काढली. "मॅडम, हा घ्या, रिझल्ट एकदम कडक." त्याने कालिंदीच्या गुडघ्यांकडे पाहिलंही नाही. पुढे माडीवर राजरत्न नावाच्या गृहस्थांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "ताई, काढायचं काय आणि बघणार कोण?"

कालिंदीने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि कपाटातून एक चपटा, रुपेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढला. डोळा लावायला बारीक खिडकी, आणि आत दोन पेन्सिल सेल. "चार्जिंगची भानगड नाही. जंगलातल्या टपरीवरही हे सेल मिळतील. आणि कार्ड नखाएवढं, पाकिटात घालून पोस्टाने पाठवा."

कालिंदीने पिशवीतून चिपळ्या काढल्या. एका हातात चिपळ्या, एका हातात कॅमेरा, डोळे मिटले. "चिपळ्यांहून हलका आहे."

राजरत्नांनी काट्यावर ठेवला. सेलसकट दोनशे वीस ग्रॅम. "सोमवारी या. आतून साफ करून ठेवतो."

इथपर्यंत सगळं दत्ताच्या कृपेने चाललं होतं. पुढचं माझ्या जिभेने केलं.

आनंद मला पोटात ठेवता येत नाही. मंडळाचे चिटणीस हितेंद्र देवळाच्या पायरीवर भेटले आणि मी सांगून बसले, कालिंदी कॅमेरा घेते आहे, फक्त दोनशे वीस ग्रॅमचा.

"दोनशे वीस?" ते म्हणाले. "वैदेहीताई, ते काय खेळणं आहे? आपलं मंडळ काय एवढं हलकं आहे? कॅमेरा मंडळ देणार. तुम्ही फक्त त्यांना सोमवारी थोपवा. सरप्राइज!"

आणि मी थोपवलं हो! "जाऊ नकोस, मला कणकण आहे," असं देवळाच्या पायरीवर शिजलेलं खोटं मी तिच्या तोंडावर बोलले. वर मनात म्हटलं, किती गोड माणसं आपली.

गुरुवारी कीर्तन रंगलं होतं. पूर्वरंग झाला, बुक्का लावला, हार घातला, आता उत्तररंगात कथा उभी राहायची, तोच हितेंद्रांनी माईक घेतला. चाळीस मिनिटं! शाल, श्रीफळ, मंडळाचा इतिहास, अध्यक्षांचे दोन शब्द, जे दोन कधीच नसतात. कथेसाठी आलेली म्हातारी माणसं जांभया देत बसली. मग मोठं खोकं आलं. त्यातून निघाला कॅमेरा, त्याच्या पुढे बाटलीएवढी लेन्स, चार्जर, जादा बॅटरी, जाड पट्ट्याची पिशवी.

"ताईंनी रोज एक व्हिडिओ पाठवायचा," हितेंद्र गरजले. "सुरुवातीला आपल्या मंडळाचं नाव घ्यायचं. आपलं चॅनेल कुठच्या कुठे जाईल!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मूर्तीसमोर, भरल्या सभेत ओंजळीत आलेली वस्तू कीर्तनकार नाही कशी म्हणेल? कालिंदीने कॅमेरा कपाळाला लावला. उत्तररंग दहा मिनिटांत आटोपला. त्या आख्यानाची मी वर्षभर वाट पाहिली होती, पण ते सोडा.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याच्या बाजारात तो सगळा पसारा भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. कालिंदी सरावासाठी रोज सॅक घेऊन फणसवाडीहून लालबागला कुशाबांकडे चालत जायची आणि वाटेत तिथे वजन करायची. त्याला आता सवय झाली होती. "मावशी, पावणेदोन किलो," तो म्हणाला. "काय भरलंय, सुरण?"

मी तो पसारा घेऊन तिथूनच उलटी फिरले आणि हितेंद्रांना त्यांच्या विमा कचेरीत गाठलं.

"हे बदलून आणा. तिला हलका हवा होता."

"बदलणार कसा? खाली नाव घातलंय."

कॅमेरा उलटा करून पाहिला. भांडीवाल्याकडची ती करकरणारी सुई! आपण रुखवताच्या पातेल्यावर घालतो तशी नावं. 'सप्रेम भेट', खाली मंडळ, त्याखाली अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सगळी कार्यकारिणी. दुकानदार कोरलेला माल परत घेणार नव्हता, आणि त्याचं काय चुकलं?

"कॅमेऱ्यावर नाव कुणी घालतं का हो?"

"भेटवस्तूवर नाव नको? उद्या हरवला तर?"

"हरवला तर नर्मदामैया वाचून ठाकूरद्वारला आणून देणार आहे का, चिटणीस हितेंद्र म्हणून?"

"एवढं काय त्यात? दोन किलो कांदे तुम्ही घरी आणताच ना?"

"आणते. आणि घरी आल्यावर खाली ठेवते. गळ्यात घालून समुद्रापर्यंत जात नाही!"

ते म्हणाले, मी भावना समजून घेत नाही. भावना! ज्याच्या गळ्यात वजन पडणार त्याला एकदा विचारायचं नाही, याला आमच्याकडे प्रेम म्हणतात.

पण कालिंदीही हट्टी. "देवासमोर मिळालं ते टाकू कशी? नेईन." तिने चिपळ्या काढल्या, घोंगडी काढली, औषधांची अर्धी पाकिटं काढली, आणि तो धोंडा घालून सरावाला चालायला लागली. सहा दिवस गिरगावातच फेऱ्या मारून सातव्या दिवशी लालबागला पोचली तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. मी सोबत होते.

गंगुबाईने दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. "ह्यो कसलो धोंडो हाडलंस गो बाय?"

कुशाबांनी पाहिलं. डावा हात पुढे केला. कालिंदीने कॅमेरा त्यांच्या तळव्यावर ठेवला, तर मनगट वळून तो गादीवर आपटला. मग त्यांनी सॅककडे बोट दाखवलं आणि बोटं अंगठ्यावर मिटून उघडून, मिटून उघडून दाखवली. चिपळ्या. सॅक खाली ठेवताना एरवी त्यांचा आवाज यायचा, आज आला नव्हता.

"काढल्या, कुशाबा. याला जागा करायला," कालिंदी म्हणाली.

त्यांनी तो कॅमेरा कोपराने ढकलला. एकदा, दोनदा, खाटेच्या कडेपर्यंत. एकतीस वर्षांत हा माणूस कुणावर चिडलेला मी पाहिला नव्हता. तिथे मला माझी लाज वाटली. सोमवारी तिला थोपवणारी मी, टाळ्या वाजवणारीही मीच.

घरी येताना मी टॅक्सीत म्हटलं, "कालिंदी, मंडळाला परत देऊ नकोस. देवाला दे."

त्या गुरुवारी आरती झाल्यावर मी उठले. मला तेव्हा सभेत बोलायची सवय नव्हती. तो कॅमेरा, लेन्स, चार्जर, पिशवी, सगळं तबकात मांडून दत्तासमोर ठेवलं. "कालिंदीताईंनी मंडळाची भेट देवाला अर्पण केली आहे. आता ही देवळाची वस्तू."

हितेंद्र उठले. "अहो, पण चॅनेल..."

"देवाच्या पुढ्यातली वस्तू उचलायची असेल तर उचला," मी म्हटलं. "आम्ही सगळे बघतोय."

ते बसले. पलीकडून कुणीतरी म्हातारं खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी फोर्टात गेले. राजरत्न म्हणाले, "ताई, तुम्ही आलाच नाहीत. दोन दिवस ठेवला, मग गेला तो." तसाच दुसरा शोधायला त्यांना आठवडा लागला. त्याला ओरखडे होते, सेलचं झाकण रबरबँडने बांधलेलं. पण खिडकी होती, आणि वजन दोनशे वीस. कालिंदीने पहिला फोटो कुशाबांच्या डाव्या हाताचा काढला. चिपळ्या सॅकमध्ये परत गेल्या. तोवर गुडघ्याची सूजही उतरली. ठरल्या दिवसापेक्षा ती अठरा दिवस उशिरा निघाली. हा आकडा लक्षात ठेवा.

दहा दिवसांनी पहिलं पाकीट आलं. मी गिरगावातल्या स्टुडिओत फोटो वहीच्या पानाएवढे मोठे करून घेतले आणि लालबागला नेले. घाट, होड्या, पहाटेची वाफ, एका म्हाताऱ्याचं कुत्रं. कुशाबा एकेक फोटो छातीवर ठेवून घेत. दुसरं पाकीट जंगल ओलांडल्यावर, बऱ्याच दिवसांनी आलं. तेही त्यांनी पाहिलं. मग भिंतीवरच्या देवगडच्या खाडीच्या जुन्या कॅलेंडरकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं.

"त्यांका आता ती नदी दर्यात जाता तां बघूचा हा," गंगुबाई म्हणाली.

नर्मदा जिथे समुद्राला मिळते तिथे परिक्रमावासी होडीने पलीकडे जातात. खाडीकाठच्या माणसाला दुसरं काय बघायचं असणार?

तिसरं पाकीट त्या होडीनंतर पोस्टात पडलं. ते माझ्या हातात आलं शनिवारी. कुशाबा मंगळवारी गेले होते.

चार दिवस. अठरा दिवस आम्ही खाल्ले, आणि चार दिवसांनी तो समुद्र चुकला. सांगा मला, कुठल्या श्रीफळाने हे भरून निघतं?

रात्री कालिंदीचा बटणांच्या फोनवरून फोन आला. कुशाबा गेल्याचं मी सांगितलं. तिने विचारलं, "किती दिवसांनी चुकलं?"

"चार."

"मी तुझ्यावर रागावले नाही, वैदेही."

"मी रागावले आहे," मी म्हटलं. "तू चाल."

ती चालली. परिक्रमा पुरी करूनच आली. गुरुवारी पुन्हा उभी राहते. तबल्याला दर वेळी कुणी वेगळं असतं.

तो मोठा कॅमेरा आमच्या देवळातच आहे. सभामंडपात काचेचं कपाट आहे, त्यात दान आलेल्या दोन घड्याळांच्या आणि एका टेबलफॅनच्या मध्ये. कुणी त्याने एक फोटो काढलेला नाही. कधी ठाकूरद्वारला आलात तर पुजाऱ्याला सांगा, तो उलटा करून दाखवील. नावं वाचा. शेवटून दुसरं माझं आहे, कार्यकारिणी सदस्य म्हणून. वाचा आणि खुशाल नाव ठेवा आम्हाला.

पण मग क्षणभर थांबा, आणि ज्याचं नाव त्यावर कुणी कोरलं नाही त्याची आठवण काढा. लालबागचे कुशाबा, तबलजी. त्यांना नदी समुद्राला मिळताना बघायची होती.